सिएराच्या डोंगरात गाडी कुठं लावायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की बर्फ बघायला आणि उन्हाळा आला की ट्रेकला, असं वर्षभर कॅलिफोर्नियातली मंडळी सिएरा नेव्हाडाच्या डोंगरात जात असतात आणि दर वेळी कोणीतरी तिकीट (दंडाची पावती) नाहीतर टोचं (गाडी उचलून नेल्याचं) बिल घेऊन परत येतं. मग तेच ते प्रश्न. म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून टाकू. यात जे कलम-नंबर आहेत ते कॅलिफोर्निया व्हेइकल कोडचे, म्हणजे राज्यभर लागू. त्यावर प्रत्येक काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) आपापले नियम असतात, ते तिथल्या पाटीवर वाचायचे.

तिथं "नो पार्किंग"ची पाटीच नव्हती, मग तिकीट कसं काय?

हा नंबर एकचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शहरात आपल्याला सवय असते की पाटी नाही, लाल कर्ब (फुटपाथची कड) नाही, म्हणजे लावा बिनधास्त. डोंगरात हे उलटं आहे. कलम २२५०४ म्हणतं की जिथं नगरपालिका नाही अशा भागात, रस्त्याच्या बाहेर गाडी घेणं शक्य असेल तर रस्त्यावर गाडी उभी करायचीच नाही, आणि अगदी नाइलाज असेल तर बाकीच्यांना जायला पुरेशी जागा सोडायची आणि तुमची गाडी दोन्ही बाजूंनी २०० फुटांवरून दिसली पाहिजे. याला पाटी लागत नाही. मुळात नियमच तसा आहे.

आता "नगरपालिका नसलेला भाग" म्हणजे कुठला, तर डोंगरात जवळजवळ सगळाच. अल्पाइन, मॅरिपोसा आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांमधे एकही अधिकृत शहर नाहीये, शून्य. मोनो काउंटीत एकच आहे, मॅमथ लेक्स. इन्योत एकच, बिशप. अल्पाइनची गंमत म्हणजे २०२० च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीची लोकसंख्या होती १,२०४, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. तिथं मार्कलीव्हिल हे मुख्यालय, पण तेही कायद्याने शहर नव्हे. म्हणजे अल्पाइन काउंटीत पाय ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंत २२५०४ तुमच्या डोक्यावर आहेच.

आणि २०० फुटांची गोष्ट हलक्यात घेऊ नका. डोंगरातल्या वळणावर २०० फूट सरळ दिसणारा रस्ता मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. फोटो काढायला "फक्त दोन मिनिटं" वळणाच्या तोंडाशी थांबणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण मागून लाकडाचा ट्रक येत असेल तर त्याला ब्रेक मारायला दोन मिनिटं मिळत नाहीत.

मग "रस्त्याच्या बाहेर" म्हणजे नक्की कुठं?

कडेची पांढरी रेघ दिसते ना, चारही चाकं तिच्या पलीकडे. दोन चाकं आत आणि दोन बाहेर असलं अर्धवट काम नको. आमची गाडी एकदा अशीच डावी दोन चाकं रेघेवर ठेवून लावलेली होती, परत आलो तर तिकीट, आणि खरं सांगायचं तर तिकीट देणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, समोरून आलेल्या दोन मोठ्या गाड्या एकमेकींना पास होऊच शकल्या नसत्या.

एक लक्षात ठेवा, पलीकडची जमीन कडक आहे का ते आधी उतरून पायाने दाबून बघा. वसंतात बर्फ वितळत असतो तेव्हा कडेची माती वरून सुकी आणि आतून चिखल असते. चाक रुतलं की मग टो ट्रक तुम्हालाच बोलवावा लागतो, आणि तो कुठूनतरी पन्नास मैलांवरून येणार.

काही रस्त्यांवर रेघच नसते. हायवे ४ लेक अल्पाइनच्या पुढे एबेट्स पासकडे चढायला लागला की मधली रेघसुद्धा गायब होते, इतका अरुंद. तिथं आखलेल्या जागा सोडून कुठंही थांबायचा विचारच करू नका.

समोरच्या बाजूला जागा दिसली, यू-टर्न न घेता तशीच उलट्या तोंडाने लावली तर?

नाही. २२५०२ प्रमाणे कर्ब नसलेल्या दुहेरी रस्त्यावर उजव्या बाजूला, रस्त्याला समांतर लावायची, वेगळी पाटी नसेल तर. कर्ब असेल तिथं उजवी चाकं कर्बपासून १८ इंचांच्या आत. निघताना उलट्या लेनमधून निघावं लागतं, तेही वळणावर, म्हणून हा नियम.

टर्नआउट म्हणजे पार्किंगच ना?

नव्हे. टर्नआउट ही हळू गाडीने बाजूला होऊन मागच्यांना जाऊ द्यायची जागा आहे. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करणं धोक्याचं असेल आणि तुमच्या मागे पाच किंवा जास्त गाड्या साठल्या असतील तर तुम्ही टर्नआउटमधे जाणं कायद्याने बंधनकारक आहे (२१६५६). आता कल्पना करा, कोणीतरी भरलेली आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन चढतोय, मागे बारा गाड्या, आणि टर्नआउटमधे तुम्ही डिकी उघडून घडीच्या खुर्च्या टाकून बसलायत. पाटी नसेल तर क्षणभर थांबलात म्हणून कोणी फाशी देणार नाही, पण गाडी सोडून ट्रेकला जायची ती जागा नाही.

व्हिस्टा पॉइंट वेगळा, तिथं गाडी लावून बघायचंच असतं. फक्त रात्रीचा मुक्काम नाही.

हिवाळ्यात नियम बदलतात का? केबिनसमोर रस्त्यावर लावली तर चालेल ना?

बदलतात आणि चांगलेच बदलतात. व्हेइकल कोडचं २२५१० हे कलम स्थानिक प्रशासनाला अधिकार देतं की बर्फ काढण्यासाठी रस्त्यावरचं पार्किंग बंद करता येईल, पाट्या लावून. बऱ्याच डोंगरी काउंट्या थंडीचे सगळे महिने हे लागू ठेवतात, काही ठिकाणी बर्फ पडत असताना, काही ठिकाणी तो पडो न पडो, अख्खा सीझन. नेमक्या तारखा काउंटीगणिक वेगळ्या, म्हणून गावात शिरतानाच्या पाटीकडे लक्ष ठेवा, नंतर ती गल्लीगल्लीत परत दिसेलच असं नाही. "आमच्या गल्लीत नव्हती" हे कारण मग चालेलच असं नाही.

लोकांना वाटतं रस्ता रुंद आहे, एक गाडी उभी राहिली तर काय बिघडलं. बिघडतं असं की स्नोप्लो (बर्फ बाजूला सारणारा ट्रक) पहाटे अंधारात येतो, बर्फ पडत असतो, तुमची गाडी तोवर पांढरा ढिगारा झालेली असते आणि ड्रायव्हरला ती गाडी आहे की बर्फाचा ढीग हे कळत नाही. त्याला कळलं तरी तो तिला वळसा घालून जातो, मग तुमच्या मागेपुढे न काढलेला बर्फ राहतो, तो रात्रीत गोठतो आणि त्या गल्लीतला रस्ता पुढचा आठवडाभर एकपदरी होऊन बसतो. त्या आठवड्यात तिथं कुणाला हार्ट अटॅक आला तर अँब्युलन्स कशी येणार? म्हणून ते तिकिटावर थांबत नाहीत, सरळ टो करतात.

केबिन भाड्याने घेताना आधी विचारा की ड्राइव्हवेत किती गाड्या मावतात, आणि त्यातला बर्फ कोण काढतं. चार कुटुंबं, चार गाड्या आणि ड्राइव्हवे दोन गाड्यांचा, हा प्रकार दर डिसेंबरात होतो. उपाय एकच, खालूनच दोन गाड्यांत बसून या.

अजून एक, प्लोने ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घातला म्हणून त्याच्यावर ओरडू नका, ते तसंच होतं. आणि गाडी रात्रभर बर्फात असेल तर सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. नळी बुजलेली असताना गाडी गरम करत आत बसलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. हे पार्किंगच्या नियमात बसत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

स्नो-पार्कचं परमिट म्हणजे काय? नॅशनल पार्कचा पास चालतो का?

नाही चालत, ते वेगळंच आहे. स्नो-पार्क म्हणजे बर्फ काढून ठेवलेले पार्किंग लॉट, मुलांनी घसरगुंडी खेळावी, स्नोशू घालून फिरावं यासाठी. १ नोव्हेंबर ते ३० मे या काळात तिथं परमिट लागतं, दिवसाचं किंवा सीझनचं, आणि ते डॅशबोर्डवर दिसलं पाहिजे. हायवे ८८ वर कार्सन पास, मीस मेडो, होप व्हॅली असे लॉट आहेत. परमिट घरूनच ऑनलाइन काढून प्रिंट करून घ्या, वर गेल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही आणि रांगेत उभं राहून "अरे, लोडच होत नाहीये" करत बसण्यात अर्धा दिवस जातो. ऑरेगॉनचं स्नो-पार्क परमिट कॅलिफोर्नियात चालतं आणि इकडचं तिकडे.

लॉट भरला तर? तर भरला. बाहेर हायवेच्या शोल्डरवर (कडेच्या पट्टीवर) रांग लावणं हा पर्याय नाहीये, तरी लोक लावतात आणि तिकिटं घेतात. सकाळी लवकर जा किंवा दुसरा लॉट बघा.

चेन्स (बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या) घालायला मधेच थांबता येतं का?

त्यासाठी खास रुंद जागा ठेवलेल्या असतात, पाटी असते, तिथंच थांबा. लेनमधे थांबून चेन्स घालणं म्हणजे स्वतःला मागच्या गाडीखाली घालणं. चेन्स चढवल्या की निघा, ते पार्किंग नाही. तिथं पैसे घेऊन चेन्स घालून देणारे लोक असतात, ते कॅलट्रान्सचे (राज्याच्या रस्ते खात्याचे) कर्मचारी नसतात, स्वतंत्र धंदा करतात पण परमिट असलेले, बॅज बघा आणि आधी दर विचारा. ते चेन्स विकत किंवा भाड्याने देऊ शकत नाहीत, त्या तुमच्याकडेच पाहिजेत.

आर-२ (चेन्सच्या सक्तीची दुसरी पातळी) लागलं असेल तर चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीला चेन्स घालायला लागत नाहीत, पण जवळ बाळगाव्या लागतात. हे विसरून लोक येतात आणि मग चेकपोस्टवरून परत पाठवल्यावर तिथंच कुठंतरी कडेला गाडी सोडून शटल शोधतात. नका करू.

उतारावर चाकं कशी वळवायची, मला दर वेळी गोंधळ होतो.

खाली उतरत असाल तर पुढची चाकं कर्बकडे. चढावर तोंड असेल आणि कर्ब असेल तर चाकं रस्त्याकडे वळवून गाडी हळूच मागे घ्यायची, चाक कर्बला टेकेपर्यंत. कर्ब नसेल, म्हणजे डोंगरात बहुतेक वेळा, तर चढ असो की उतार, चाकं रस्त्याच्या बाहेरच्या कडेकडे. ब्रेक सुटलाच तर गाडी रस्त्यावर न येता बाजूला जावी, एवढंच डोक्यात ठेवलं की पाठ करायला लागत नाही. इंजिन बंद करून हँडब्रेक ओढणं हे तर कायद्यातच आहे, २२५१५.

मात्र बाहेरच्या बाजूला दरी असेल तर? मग तिथं लावूच नका, दुसरी जागा बघा.

बर्फात हायड्रंट (बंबासाठीचा पाण्याचा नळ) दिसतच नाही, मग?

डोंगरी गावांत हायड्रंटला उंच काठी किंवा झेंडी लावलेली असते, बर्फातून वर दिसावी म्हणून. काठी दिसली की १५ फूट लांब (२२५१४). गाडीत पुढच्या सीटवर लायसन्सवाला माणूस बसलेला असेल आणि लगेच हलवू शकत असेल तर सूट आहे, पण ती व्यक्ती स्नोमॅन करायला उतरली की सूट संपली.

क्रॉसिंगपाशी २० फुटांचा नवीन नियम डोंगरातल्या गावातही आहे का?

आहे, राज्यभर आहे. क्रॉसवॉकच्या ज्या बाजूने गाड्या येतात त्या बाजूला २० फूट मोकळे ठेवायचे, पट्टे रंगवलेले असोत नसोत. २०२५ पासून याची तिकिटं देतात. आणि पुलावर पार्किंग नाही, खाली नदी कितीही सुंदर दिसत असली तरी.

एक जुनं फाटक होतं, कुलूप लावलेलं, वापरात नसल्यासारखं. त्याच्यासमोर लावली.

फाटक वापरात नाही हे तुम्ही ठरवलंत. आग लागली की पहिली गाडी त्याच फाटकातून आत जाते. गुरं नेणाऱ्याला, वीज कंपनीच्या ट्रकला, फॉरेस्टवाल्याला तोच रस्ता असतो. खाजगी जागेवर लावली असेल तर मालक २२६५८ खाली टो करवू शकतो. त्यातल्या त्यात एक दिलासा असा की गाडी अजून त्या जागेतच असताना तुम्ही धावत पोचलात आणि मागितलीत तर टो कंपनीला ती तिथंच सोडावी लागते. एकदा जागेतून बाहेर पडून निघाली की यार्डात जाऊन पैसे भरा.

उन्हाळ्यात गवतावर लावली तर काय होतं, माती तर मोकळीच आहे?

गवत सुकलेलं असेल तर अजिबात नाही. गाडीखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर साफ करणारा भाग) भयंकर तापलेला असतो, उंच सुकं गवत त्याला टेकलं की पेट घेतं आणि तुम्ही तोवर दोन मैल चढून गेलेले असता. गाडीमुळे डोंगर पेटतो ही अतिशयोक्ती वाटत असेल तर २०१८ ची शास्ता काउंटीतली 'कार' (Carr) नावाची आग आठवा, एका ट्रेलरचं टायर फुटलं, रिम रस्त्यावर घासून ठिणग्या उडाल्या आणि सव्वादोन लाख एकरांच्या वर जळलं. अल्पाइनमधे २०२१ ला टॅमरॅक फायर लागली ती वीज पडून, गाडीचा काही संबंध नाही, पण ६८ हजार एकरांच्या वर जळलं आणि मार्कलीव्हिल रिकामं करावं लागलं. अशा वेळी लोक बाहेर पडणार आणि बंब आत येणार, दोघांना मिळून तो एकच दुपदरी रस्ता. त्यावर एक अर्धवट लावलेली गाडी काय करू शकते ते तुम्हीच बघा.

रात्री गाडीतच झोपलं तर चालतं?

हायवेच्या सरकारी रेस्ट एरियात २४ तासांत ८ तासांपर्यंत थांबता येतं, दमला असाल तर झोपाच, झोपेत गाडी चालवण्यापेक्षा बरं. ट्रेलहेड (ट्रेक जिथून सुरू होतो ती जागा) आणि नॅशनल फॉरेस्टमधे जागेगणिक नियम वेगळे, पाटी किंवा रेंजर स्टेशन.

अस्वलं खरंच गाडी फोडतात का?

हो. सिएरातली काळी अस्वलं दार वाकवून उघडतात, कुलूप नसेल तर सरळ हँडल ओढून आत बसतात. योसेमिटीत अंधार पडल्यावर गाडीत खाणं ठेवायला बंदीच आहे, तिथं लोखंडी लॉकर असतात त्यात ठेवायचं. खाणं म्हणजे फक्त डबा नव्हे, टूथपेस्ट, क्रीम, रिकामी पाकिटं, लहान मुलाच्या कार सीटमधे सांडलेले तुकडेसुद्धा. बाकी ट्रेलहेडला लॉकर असेल तर तोही वापराच.

पाच दिवसांच्या ट्रेकला जातोय, गाडी तिथंच राहील, उचलतील का?

राज्याचा कायदा स्थानिक प्रशासनाला परवानगी देतो की ७२ तास सलग एकाच जागी उभी असलेली गाडी उचलता येईल, तसा स्थानिक नियम असेल तर. म्हणून रस्त्याच्या कडेला लावून पाच दिवस जायचं नाही. मुक्कामी ट्रेकवाल्यांसाठी बऱ्याच ट्रेलहेडला वेगळा लॉट असतो, विल्डरनेस परमिट (रानात मुक्कामाची परवानगी) घेतानाच विचारा, "गाडी कुठं लावू?" हा एक प्रश्न विचारायला लोक का लाजतात कळत नाही.

आईबाबांचं दिव्यांग प्लॅकार्ड आहे, मग कुठंही चालेल ना?

कुठंही नाही. निळी (दिव्यांगांसाठी राखीव) जागा चालते, हिरव्या कर्बवर वेळेची मर्यादा लागत नाही, मीटरचे पैसे नाहीत. लाल, पिवळा, पांढरा कर्ब त्यांनाही नाही. दुसऱ्या राज्यातलं प्लॅकार्ड असेल तरी चालतं. पण ती व्यक्ती सोबत नसताना वापरलं तर प्रकरण गंभीर, आणि प्लॅकार्ड नसताना निळ्या जागेत लावली तर दंड किमान २५० डॉलर.

हॅझर्ड लाइट चालू ठेवले तर?

तर तुमची चुकीची लावलेली गाडी लुकलुकत राहील.

तिकीट कोण देतं, आणि चुकीचं असेल तर लढता येतं का?

नगरपालिका नसलेल्या भागात हायवेवर बहुधा हायवे पट्रोल, काउंटीच्या रस्त्यावर शेरीफची माणसंही, फॉरेस्टच्या जागेत फॉरेस्टवाले. तिकिटावर वर नाव असतं ते वाचा, पैसे किंवा तक्रार तिकडेच.

राज्याच्या पार्किंग तिकिटावर तक्रार करायची असेल तर तारखेपासून २१ दिवसांच्या आत फेरतपासणी मागायची, याला पैसे लागत नाहीत. उत्तर पटलं नाही तर ते पाठवल्यापासून २१ दिवसांत सुनावणी मागता येते, आणि त्यानंतरही कोर्टात जायला ३० दिवस असतात. त्यामुळे तिकीट दिसल्या दिसल्या चिडून फाडण्याआधी फोटो काढा, पाटीचा, पाटी नसेल तर नसलेल्या पाटीचाही, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही दिशांचा, चाकांचा आणि रेघेचा. फोटोत चाक रेघेच्या आत दिसलं तर मात्र गपचूप भरून टाका.

भाड्याची गाडी असेल तर तिकीट कंपनीकडे जातं आणि ती तुमच्याकडून दंड आणि वर स्वतःची फी घेते. तेव्हा तिकीट बघितलं नाही म्हणून वाचाल असं नाही.

परत आलो तर गाडीच नाही! आता काय?

आधी खात्री करा की तुम्ही बरोबर ट्रेलहेडवर आलायत, हसू नका, होतं असं. मग रेंज मिळेल तिथं जाऊन काउंटी शेरीफच्या साध्या नंबरवर फोन करा, ९११ वर नाही, नंबर प्लेट सांगा, गाडी टो झाली असेल तर ते कुठल्या यार्डात आहे ते सांगतील. पोलिसांनी उचलली असेल तर तुम्हाला नोटीस येते, नोटिशीच्या तारखेपासून १० दिवसांत सुनावणी मागता येते आणि मागितल्यापासून ४८ तासांत ती घ्यावी लागते, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. टो करणं चुकीचं ठरलं तर खर्च त्या एजन्सीवर. पण यार्डाचं भाडं रोज चढत असतं, म्हणून भांडण नंतर, आधी गाडी सोडवून घ्या, पावती जपून ठेवा. आणि जॅकेट, पाणी, औषधं ट्रेकला निघताना गाडीत नाही, पाठीवर ठेवा, कारण रात्री आठला, डोंगरात, गाडी नसलेल्या लॉटमधे उभं राहायची वेळ आली तर तेवढंच तुमच्याकडे असतं.